तापलेला ॲक्सल : खानदेशच्या रेल्वेतील झिजेचा विसरलेला इतिहास

खानदेशातील रेल्वेचा इतिहास सांगताना कापूस, केळी आणि भुसावळ जंक्शन यांचा उल्लेख हमखास होतो. या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग मात्र चाकाशेजारच्या बिडाच्या पेटीत, तेलाने भिजलेल्या सुताच्या बोळ्यांमध्ये दडलेला आहे. तो फारसा कोणी उघडून पाहत नाही. 🧵

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. त्याच दशकात जीआयपी रेल्वेचे रूळ खानदेशातून पुढे सरकत होते. भुसावळहून फुटलेला फाटा १८६७ साली नागपुरास पोहोचला, आणि १८७० साली मुंबई–कलकत्ता मार्ग जबलपुरास जोडला गेला. एका लहानशा खेड्याचे जंक्शन झाले. पुढे १९०० साली चाळीसगाव–धुळे फाटा सुरू झाला आणि ताप्ती खोऱ्यातील मार्गाने जळगाव सुरतेशी जोडले गेले.

हा सारा माल टेकला होता तो कशावर? चार चाकांच्या भरलेल्या ब्रॉडगेज मालडब्याचे वजन सुमारे ३२ टन, म्हणजे दर चाकामागे साधारण ८ टन. हे वजन फिरत्या पोलादी ॲक्सलच्या टोकावर बसवलेल्या अर्धगोल धातूच्या तुकड्यावर पडे. ॲक्सल फिरे, तुकडा स्थिर राही. दोन धातू मैलोन्मैल एकमेकांवर घासत राहत.

बैलगाडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला यातले मूळ तत्त्व नवे नव्हते. नवा होता तो वेग, आणि नवा होता तो भार.

अशा ठिकाणी सर्वांत कठीण धातू वापरावा, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडले. १८३९ साली आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराने कथलावर आधारलेल्या मिश्रधातूच्या अस्तराचे पेटंट घेतले. आजच्या प्रचलित प्रकारात सुमारे ८९ टक्के कथील, साडेसात टक्के अँटिमनी व साडेतीन टक्के तांबे असते. नुसते कथील इतके मऊ की भाराखाली पसरून जाईल. अँटिमनी आणि तांबे त्यात कठीण स्फटिक तयार करतात. भोवतीचे कथील मऊच राहते. १८९८ साली फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांनी या रचनेचे महत्त्व मांडले : कठीण कण भार पेलतात, मऊ धातू किंचित दबून ॲक्सलच्या आकाराशी जुळवून घेतो. धुळीचा कणही त्यात रुतून बसतो आणि ॲक्सलवर ओरखडा उठत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यातील धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

यामागे हिशेबही होता. अस्तर झिजले तर वितळवून पुन्हा ओतता येते. ॲक्सल झिजला तर चाकांची जोडीच काढावी लागते. म्हणून झिजायचे कोणी, हे आधीच ठरवून ठेवले होते.

तेलाचे रहस्य मात्र अपघाताने उलगडले. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर यांनी रेल्वेच्या धर्तीच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल घालण्यासाठी वरून भोक पाडले, तर त्यातून तेल उलट वर उसळू लागले. बूच मारले, लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर फेकली गेली. दाबमापक लावल्यावर कळले की फिरणारा ॲक्सल स्वतःच तेल आत ओढतो आणि त्या पातळ थरावर सारा भार तरंगतो. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्याचे गणित मांडले. गाडी वेगात असताना धातू धातूला जवळजवळ स्पर्शच करत नाही! खरी झीज होते ती गाडी सुटताना आणि थांबताना, कारण तेव्हा तो थर पुरेसा बनलेला नसतो.

तेल संपले की संकट येई. अस्तराचे कथील सुमारे २४० अंशांच्या आसपास वितळू लागते. ते वाहून गेले की त्यामागचे कांसे थेट पोलादावर घासते, ॲक्सल लाल होतो आणि शेवटी तुटू शकतो. रेल्वेच्या बोलीत यालाच ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात. म्हणून जंक्शनवर गाडी थांबताच तपासनीस प्रत्येक पेटीला हात लावून ऊब पाहत. तापलेला डबा बाजूला काढला जाई. त्यात रावेर–सावद्याची केळी असतील, तर वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक तास व्यापाऱ्याच्या आणि शेतकऱ्याच्या अंगावर येई. अपघाताच्या नोंदी तरी राहतात. अशा कुजलेल्या मालाचा इतिहास कोण लिहिणार?

पुढे रोलर बेअरिंग आले आणि या पेट्या हळूहळू गेल्या. घर्षण मात्र खानदेशातून गेले नाही, ते डोक्यावर चढले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी–भुसावळ मार्गावर २५ हजार व्होल्टची वीज आली, आणि नंतरच्या दशकात भुसावळला विद्युत इंजिनांची शेड उभी राहिली. इंजिनाचा पँटोग्राफ तांब्याच्या तारेवर सतत घासत धावतो. ही तार थंड अवस्थेत ओढून कठीण केलेली असते. त्यामुळे ती ताण सोसते आणि कमी झिजते. पण ठिणग्या पडून ती फार तापली, तर कमावलेला कठीणपणा पुन्हा गमावते.

१९५३ साली जॉन आर्चर्ड यांनी मांडलेला नियम सांगतो की झीज भार आणि घासलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते आणि कठीणपणाच्या प्रमाणात घटते. तरीही तारेसमोर पोलादी पट्टी ठेवली की तारेचे नुकसान वाढते. म्हणून कार्बनच्या पट्ट्या पुढे आल्या. कार्बन झिजतो, बदलला जातो, तार टिकते. सरळ रुळावरही तार मध्यरेषेपासून आलटून-पालटून दोन्ही बाजूंना सुमारे २०० मिलिमीटर सरकवून नागमोडी बांधतात, नाहीतर पट्टीवर एकाच जागी खाच पडली असती. जळगाव स्थानकाच्या फलाटावरून मान वर करून पाहिले, तर ही नागमोड सहज दिसते.