परांजपे, शकुंतला

(१७ जानेवारी १९०६ – ३ मे २०००). अभिनेत्री, लेखिका व कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्या. रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कन्या. केंब्रिजमध्ये गणित शिकून जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काही काळ नोकरी. पडद्यावर त्या मोजक्याच वेळा दिसल्या. व्ही. शांताराम दिग्दर्शित, ‘प्रभात’च्या कुंकू (१९३७) चित्रपटात त्यांनी म्हाताऱ्या वकिलाची सुशिक्षित मुलगी रंगवली, बापाने उतारवयात केलेले लग्न तिला मुळीच पटत नाही आणि ती तरुण सावत्र आईची, नीराची, उघड बाजू घेते. भूमिका छोटी, पण चित्रपटाचा सुधारकी सूर तिच्यामुळे ठाम होतो. पुढे संततिनियमनाचा प्रचार हेच त्यांचे जीवितकार्य झाले. राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य (१९६४–७०). पद्मभूषण १९९१. दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या कन्या.