शिलेदाराची घोडी आणि मुरब्ब्याची जमीन

‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ हे शब्द मूळचे फारसी. पण मराठ्यांच्या सैन्यात ते असे रुळले की, मराठी राज्य बुडाल्यावरही त्यांची चाकरी सुटली नाही. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारच्या अथवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. दसऱ्याला स्वारीवर निघावे व पावसाळ्याच्या तोंडी परतून शेत पाहावे, ही पेशवाईतील कित्येक शिलेदारांची रीत होती. १८१८ मध्ये स्वारीचा हंगाम संपला. शेताचा तेवढा उरला.

शिलेदारीची पद्धत मात्र इंग्रजांनी उचलली. १८५७ च्या उठावानंतर बंगालच्या घोडदळाची नव्याने उभारणी झाली ती याच तत्त्वावर. पलटणीत भरती होणारा स्वार घोड्याची व सामानाची रक्कम स्वतः भरी. त्याच्या या जागेला ‘असामी’ म्हणत. सरकारला असे सैन्य स्वस्त पडे. स्वारालाही त्यात मान होता, कारण तो पगारी शिपाई असूनही स्वतःच्या घोड्याचा धनी होता. यांपैकी बरेच स्वार पंजाबातील शेतकरी घराण्यांचे होते. घरची जमीन भावांत वाटली जाऊन तुटपुंजी झाली, की एखाद्या मुलाने रिसाल्यात जावे, असा व्यवहार असे.

नोकरी संपल्यावर या स्वारांपुढे एक नवे आमिष आले. १८९२ पासून चिनाबच्या कालव्याचे पाणी रावी-चिनाबमधील ‘बार’ नावाच्या माळावर खेळू लागले. जमीन चौकोनी तुकड्यांत आखली गेली. पंजाबात अशा तुकड्याला ‘मुरब्बा’ म्हणतात. मराठी वाचकाला त्यात आवळ्याची आठवण झाल्यास नवल नाही! चिनाब वसाहतीतला मुरब्बा सुमारे २८ एकरांचा. गावांना नावांऐवजी ‘चक’ क्रमांक मिळाले. निवृत्त सैनिकांनाही या जमिनी देण्यात आल्या. माळ निर्मनुष्य होता असे मात्र समजू नये. तेथे गुरे राखून राहणाऱ्या भटक्या जमातींची कुरणे या आखणीत गेली, हे वसाहतीच्या गौरवगाथांत फारसे येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी झेलमच्या खालच्या कालव्यावर जी वसाहत झाली, तिथे सरकारची खरी नजर गव्हापेक्षा घोड्यांवर होती. सैन्याला घोडी हवी होती. म्हणून जमीन मिळे ती अटीवर: ठरावीक क्षेत्रामागे पसंतीस उतरलेली एक घोडी पाळावयाची, आणि तिच्या शिंगरावर खरेदीचा पहिला हक्क सैन्याचा. अट मोडली तर जमीन जाण्याची भीती. जमिनीची वाटणी होऊ नये म्हणून वारसा एकट्या थोरल्या मुलाचा! ज्या वाटणीच्या जाचामुळे बाप रिसाल्यात गेला, तिच्यातून सुटका झाली खरी. पण ती धाकट्यांना बेदखल करून. रिसाल्यात स्वार घोड्याचा धनी होता. येथे घोडीच जमिनीची धनीण झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९०७ मध्ये असंतोष उफाळला. वसाहतींवरील निर्बंध कडक करणारे विधेयक व बारी दुआबातील वाढीव पाणीपट्टी ही त्याची निमित्ते. लाला लजपतराय व अजितसिंग यांना मंडालेस हद्दपार करण्यात आले. परंतु त्याच मे महिन्यात लॉर्ड मिंटो यांनी विधेयकास संमती नाकारली. चळवळ्यांना तुरुंग आणि मागणीस मान्यता, हा विरोधाभास सहज उलगडतो. सैन्यातील शिपाई याच शेतकऱ्यांचे भाऊ व मुलगे होते, आणि ते बिथरले तर काय, ही चिंता सरकारला पेलवणारी नव्हती.

पहिल्या महायुद्धात शिलेदारी टिकली नाही. दूरच्या रणांगणावर मेलेल्या घोड्याची भरपाई स्वाराने कोठून करावी? १९२१ च्या सुमारास ती पद्धत बंद झाली. पुढे १९४७ च्या फाळणीत लायलपूर व सरगोधा पाकिस्तानात गेले. तेथील शीख स्वारांची कुटुंबे मुरब्बे सोडून पूर्व पंजाबात आली. जमीन अपुरी असल्याने मोठ्या धारणेला मोठी कपात लावून वाटप झाले. बाराच्या माळावर कालव्याच्या पाण्यात राबलेल्या घरांना आता विहिरीच्या पाण्यावर, आणि पूर्वीपेक्षा कमी एकरांत, नवी पेरणी करावी लागली.