ओल्या काचेवरचा मुलूख

जेम्स बर्जेसचे सर्वेक्षण १८७५-७६च्या हंगामातले. त्याच्या १८७८च्या अहवालात धाराशिवची लेणी आहेत. तो जमाना ओल्या काचेच्या छायाचित्रणाचा. काचेवर कलोडियन ओतून ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन काळ्या तंबूत धुवायची. काचा, रसायने, तंबू, पाणी. एवढा पसारा रानात भर पावसात हलवणे अवघड. सर्वेक्षणाचे दौरे हिवाळ्यातले. साहजिकच अशा दौऱ्यांच्या चित्रांत मुलूख उतरला तो कोरड्या ऋतूतला.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातून नर-मादी धबधबे कोसळतात ते मात्र पावसाळ्यात. आज पाठीवर सॅक टाकून आलेली पोरे ते मोबाइलवर टिपतात. त्यांनी फोटोसोबत तारीख आणि जागा तेवढी नोंदवावी. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या पाण्याचा तो दस्तऐवज ठरेल.