मर्चवांगन, पाप्रिका आणि आपली ब्याडगी

काश्मिरी भाषेत लाल मिरचीला ‘मर्चवांगन’ म्हणतात. मर्च म्हणजे मिरी, वांगन म्हणजे वांगं. मिरीसारखं झोंबणारं वांगं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं, पण नाव ठेवणाऱ्याची नजर पक्की होती. वांगं, मिरची, बटाटा, टोमॅटो ही सगळी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली भावंडं.

आपणही तेच केलं. मिरीवरून मिरची. हंगेरीत जिला ‘पाप्रिका’ म्हणतात तो शब्दही बाल्कनातल्या स्लाव्ह भाषांमधल्या मिरीच्या ‘पापर’ या नावावरून आला. म्हणजे झेलमच्या काठी, कृष्णेच्या काठी आणि तिकडे युरोपात टिसा नदीच्या काठी, तिन्ही ठिकाणी लोकांनी या नव्या पाहुणीला जुन्या मिरीची धाकटी बहीण मानलं. खरं तर दोघींचं काहीच नातं नाही. मिरी मलबारची, मिरची अमेरिकेची. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला नसता तर आपला रस्सा आजही मिरीनं आणि सुंठीनंच तिखट झाला असता.

भारतात ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. ब्राझील त्यांना १५०० मध्ये सापडलं, गोवा १५१० मध्ये हाती आलं. दोन्ही टोकं एकाच मालकाची, मग बियाणं यायला कितीसा वेळ लागणार? गंमत पुढेच आहे. १५४२ मध्ये लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्यानं वनस्पतींचा मोठा सचित्र ग्रंथ छापला, त्यात मिरचीच्या चित्राला नाव दिलं ‘कालिकतची मिरी’. पन्नास वर्षांत युरोप विसरलासुद्धा की ही अमेरिकेहून आली! हंगेरीत ती ‘तुर्की मिरी’ झाली, कारण तिथे ती उस्मानी तुर्कांच्या राजवटीत रुजली. आणि मुंबईच्या बाजूला एके काळी तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत. ज्याच्या हातून मिळाली, त्याचाच पत्ता तिच्या नावावर.

मराठी फौजांनी मिरची उत्तरेत नेली, असं आपल्याकडे अभिमानानं सांगतात. फौजी म्हणून मला ते ऐकायला आवडतं. पण फौज शिधा खाते, पेरत नाही. मिरचीची पोती बैलांच्या पाठीवर लादून नेली ती लमाणांच्या तांड्यांनी आणि परसात रोप लावलं ते शेतकऱ्यानं. त्यांची नावं बखरीत येत नाहीत.

आता काश्मीर. १५८६ मध्ये अकबरानं ते जिंकलं. त्याच्याच दरबारात त्या सुमारास लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त पाककृती मापासकट दिल्या आहेत; त्यांत मिरी आहे, आलं आहे, केशर आहे, लवंग आहे, पण मिरचीचा पत्ता नाही. म्हणजे आज आपण जिच्याशिवाय रोगनजोशची कल्पनाही करत नाही, ती तेव्हाच्या शाही मुदपाकखान्यात नव्हती. खोऱ्यातल्या स्वयंपाकात तो जुना थर अजून दिसतो. यखनी घ्या. दह्यात शिजवलेलं मटण, बडीशेप, सुंठ, वेलदोडा, रंग पांढरा. वाजवानचे आचारी लाल रंगासाठी अजूनही ‘मावल’ वापरतात, म्हणजे कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या दिसणाऱ्या फुलाचं पाणी. तिखटाची नव्हे, रंगाची हौस या मुलखाला होती आणि मिरचीकडून त्यांनी तेवढंच मागून घेतलं.

मिरचीत तिखटपणा आणि रंग वेगवेगळ्या घरांत राहतात. झोंबणारा भाग असतो आतल्या पांढऱ्या गाभ्यात (बियांत नव्हे, बिया फक्त त्याला चिकटलेल्या असतात). रंग असतो सालात. म्हणून पिढ्यान् पिढ्या बियाणं निवडत गेलं तर एक वाढवून दुसरा कमी करता येतो. काश्मीरच्या शेतकऱ्यानं ते केलं, हंगेरीतल्या सेगेड आणि कालोचाच्या शेतकऱ्यांनी केलं, आणि कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या परिसरातही तेच झालं. एकमेकांना न विचारता तिघं एकाच उत्तराला पोचले.

सेगेडचीच आणखी एक गोष्ट, घरच्या जेवणाची. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी तिथे प्राध्यापक होते आणि क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात कशातून काढावं हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. एका रात्री बायकोनं जेवणात ताजी पाप्रिका वाढली. त्यांना ती खायची नव्हती. तसं सांगण्याऐवजी ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. पाप्रिकात हवं ते किलोंच्या हिशेबात निघालं आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ताटातली भाजी टाळणाऱ्या घरोघरच्या नवऱ्यांनी हे उदाहरण जपून वापरावं.

रंगाच्या मिरचीचा स्वयंपाक वेगळा, हे मला खोऱ्यात कळलं. लंगरमध्ये कडकडीत तेलात तिखट थेट पडतं, सगळी बराक ठसकते आणि रस्सा काळपट होतो. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पण तिच्यात साखरही असते, ती क्षणात करपते. पंडितांच्या घरी रोगनजोश करताना मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवतात, हिंगावर मटण परततात, आणि तिखट पाण्यात कालवून मगच घालतात. कांदा नाही, लसूण नाही, टोमॅटो नाही. दही, बडीशेप आणि सुंठ. हंगेरीची बाई गुलाश करताना भांडं विस्तवावरून खाली उतरवते, पाप्रिका घालते, लगेच पाण्याचा हबका मारते. आणि आपली आई फोडणीखालचा गॅस बंद करून तिखट घालते, ती याच कारणानं. कटावर तरंगणारी ती लालबुंद तर्री म्हणजे तेलात विरघळलेला रंगच.

बाजारात मात्र या रंगापायी मोठा घोळ आहे. ‘काश्मिरी मिरची’ म्हणून देशभर जे तिखट खपतं, त्यातलं पुष्कळसं ब्याडगीचं किंवा तिच्यासारख्या मिरचीचं असतं. खोऱ्यातलं पीक तेवढं नाहीच. तिथल्या बायका शरद ऋतूत पत्र्यांवर मिरच्या वाळवतात, माळा करून खिडक्यांना टांगतात, त्या बहुतेक घरच्या हिवाळ्यालाच लागतात. ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुरकुतलेली, लांब, गडद लाल, जवळजवळ न झोंबणारी. ती कुठेच कमी नाही. मग तिला तिच्या नावानं का विकत नाहीत?

याहून वाईट म्हणजे खोटा रंग. १९९४ मध्ये हंगेरीत पाप्रिकात शिशाचा लाल ऑक्साइड, म्हणजे आपला शेंदूर, मिसळला गेला आणि माणसं दगावली. २००३ मध्ये फ्रान्सला भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-१ हा कारखान्यातला रंग सापडला. दोन वर्षांनी ब्रिटनमध्ये त्याच रंगापायी शेकडो पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. कपड्याला आणि मेणाला लावायचा रंग लोकांच्या पोटात गेला, तो केवळ ‘लाल दिसलं पाहिजे’ म्हणून.

म्हणून सांगतो, पूड घेऊ नका, अख्खी मिरची घ्या. देठ शाबूत आहे ना, साल सुरकुतलेलं पण लवचीक आहे ना ते बघा, आणि उन्हाळ्यात मसाला कांडपाच्या वेळी समोर उभं राहून दळून आणा. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, झोंबायला थोडी लवंगी. पोस्टिंग खोऱ्यात असेल तर सुट्टीवर येताना ट्रंकेत केशराबरोबर किलोभर मर्चवांगन टाका. वाळलेली मिरची हलकी असते, वजन जाणवत नाही.