ओर्लानची कुळी

मे महिन्यात चिंचोळी एमआयडीसीकडे जाताना सरबताच्या गाडीपाशी थांबलात, तर पोत्यातली बर्फाची लादी फोडणाऱ्याचा हात बघा. तो लादी चिरडायला जात नाही. टोचा एका रेषेत मारत जातो आणि लादी तडकन् दुभंगते. बर्फ दाबाला दणकट, पण वाकवायला, चिरायला कच्चा. गोठणाऱ्या समुद्रात तेल काढायला निघालेल्यांना आधी त्याचा हा स्वभाव ओळखावा लागला.

आपल्या डोळ्यांपुढचा तेलाचा प्लॅटफॉर्म मुंबई हायचा. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला तिथे तेल लागलं, ते पोलादी जाळीच्या पायांवर उभं राहून. लाट अशा पायांमधून निघून जाते. बर्फ मात्र जाळीत अडकतो, मागून आणखी थर येतो आणि सगळा रेटा पायांवर बसतो. म्हणून अलास्काच्या कुक इनलेटमध्ये १९६०च्या दशकात मोजकेच जाडजूड पाय दिले. काही ठिकाणी तर एकच. पुढे निमुळत्या, उतरत्या भिंतींची कल्पना आली: बर्फ उतारावर चढतो, वाकतो, मोडतो.

अलास्काच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रात वेगळाच मार्ग निघाला. तिथे उथळ पाण्यात खडीची बेटं रचत. विहीर कोरडी निघाली की बेट वाया. त्यावर उतारा म्हणून १९८४ मध्ये जपानात हलवता येणारं बेटच बांधलं. खाली पोलादी तळ, मध्ये पोळ्यासारख्या कप्प्यांचं काँक्रीट, वर डेक. आत पाणी भरलं की ते तळाला बसतं, उपसलं की तरंगतं. बर्फ मोडायला इथे उतार नाही. अंगच्या वजनावर रेटा सोसायचा. शिवाय हिवाळ्यात भोवती समुद्राचंच पाणी हवेत फवारून बर्फाचा बांध घातला. या साऱ्या कुळीत मला हीच युक्ती सर्वांत मोठी वाटते. बर्फाला बर्फानंच थोपवलं!

२००१ मध्ये हे बेट रशियात आलं, दुरुस्त झालं आणि २००५ मध्ये सखालिनच्या चायवो क्षेत्रात बसलं. नाव पडलं ओर्लान, म्हणजे समुद्री गरुड. चायवो ज्यात येतं त्या सखालिन-१ प्रकल्पात ‘ओएनजीसी विदेश’नं २० टक्के वाटा घेतला तोही २००१ मध्येच. २०१५ मध्ये याच ओर्लानवरून तिरकी खणलेली एक विहीर १३,५०० मीटर लांब गेली. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता.