मूळ रंग कोणता?

पिशोर परिसरातील शिक्षकांना अजिंठा परका नाही. तेथील चित्रे टिकावीत म्हणून निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून काम करवून घेतले. त्यांनी वापरलेली लाख पुढे पिवळी पडली आणि रंग वाचवणारा थरच रंगाच्या आड आला.

आता एक वेगळी वस्तू पाहू. कॅरोथर्स यांनी १९३५ साली नायलॉन तयार केले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्कायवे कंपनीने मुलांच्या सायकलींसाठी नायलॉनची ओतीव चाके काढली. पांढरी चाके काहीजण कापडाच्या रंगाच्या गरम पाण्यात बुडवून रंगवत. जुन्या सायकलींचे शौकीन आज तो रंग उतरवू पाहतात.

घासून तो जात नाही. आम्लयुक्त पाण्यात नायलॉनच्या साखळीच्या टोकांचे अमिनो गट धनभारित होतात व ऋणभारित रंगकणांना आत धरून ठेवतात. कापड रंगवणारे ज्याला हायड्रोज म्हणतात, ते सोडियम डायथायोनाइट अ‍ॅझो रंगातील नायट्रोजनचा दुहेरी बंध तोडते. रंग नाहीसा होतो. क्लोरीनचे ब्लीच मात्र नायलॉनलाच कमकुवत करते. असे चाक तडकले तर स्वार पडेल. उन्हाने आलेला पिवळेपणा हा नायलॉनच्याच ऑक्सिडीकरणाचा परिणाम. त्यावर हायड्रोजची मात्रा चालत नाही.

म्हणून आधी विचारावे : रंग वर आहे, आत आहे, की पदार्थच बदलला आहे? आणि एखाद्या मुलाने हौसेने दिलेला रंग पुसताना आपण इतिहासही पुसतो, हे विसरू नये.