खोडदच्या दुर्बिणीतील यादृच्छिक संकेत आणि निश्चित गणन

लोणी ज्या जुन्नर-आंबेगाव परिसरात वसले आहे, त्याच परिसरात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण साकारली. तिच्याकडे येणारा संकेत मूलतः यादृच्छिक गोंगाट असतो; गेलेला क्षण पुन्हा हाती लागत नाही. अँटेनांच्या ४३५ जोड्यांतील संकेतांचा गुणाकार करून सरासरी घेतली म्हणजे सामाईक अंश उरतो. मात्र गोंगाट निम्मा करावयास चौपट वेळ लागतो. २०१० च्या सुमारास हे काम खास घडविलेल्या विद्युत्मंडलांकडून संगणकसमूहावरील सॉफ्टवेअरकडे आले. या स्थित्यंतरातील पडताळणीची सोय विशेष मोलाची मानावी लागेल. मूळ संकेत नोंदवून तीच नोंद त्याच आज्ञावलीतून पुन्हा चालविता येऊ लागली. दुसऱ्या वेळी फलित निराळे आले, तर त्याचे कारण गणनयंत्रणेतच शोधणे भाग होते.